सावित्रीच्या खोऱ्यातील महाकाय पतंग : नाव आणि ओळख

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड या तालुक्यांतून वाहते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिव्याकडे येणाऱ्या महाकाय पतंगाची नोंद सामान्यतः ‘ॲटलास’ या नावाने होते. हे नाव कितपत यथार्थ आहे, हा प्रश्न या खोऱ्याच्या प्राणिसूचीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

लिनिअसने १७५८ साली ‘ॲटॅकस ॲटलास’ या जातीचे वर्णन केले. पुढे फ्रेडरिक मूर याने श्रीलंकेतील पतंगवर्गीय कीटकांवरील ग्रंथात (१८८०–८७) ‘टॅप्रोबॅनिस’ ही निराळी जाती मानली. टॅप्रोबेन हे त्या बेटाचे प्राचीन ग्रीक नाव होय. परंतु दक्षिण भारतातील नमुने ‘ॲटलास’ याच नावाखाली नोंदविण्याचा प्रघात रूढ झाला. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या आठ संस्थापकांपैकी कर्नल स्विन्हो याने १८८५ साली पतंग-फुलपाखरांवर लेख लिहिला. त्याचे क्षेत्र मुंबई व दख्खन होते. त्या दोहोंमधील घाटपायथ्याचा उल्लेख लेखाच्या शीर्षकात नाही. अखेर रिचर्ड पायग्लर याने १९८९ मधील वंशपुनरीक्षणात ‘टॅप्रोबॅनिस’ ही दक्षिण भारत व श्रीलंका येथील स्वतंत्र जाती मानली.

वंशाची ओळख सुलभ आहे. पंखांवर शल्करहित, पारदर्शक, त्रिकोणाकृती खिडक्या असतात. पुढील पंखाचे टोक सर्पमुखासारखे भासते. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात. टसर पतंगाच्या पंखांवरील ठिपके वर्तुळाकार असतात, तर चंद्रपतंग फिकट हिरवा व लांब शेपट्यांचा असतो. त्यामुळे या दोहोंशी गल्लत होऊ नये. प्रौढ पतंगाची मुखांगे अविकसित असल्याने तो अन्न घेत नाही व थोडेच दिवस जगतो. जातीचा निर्णय मात्र कठीण आहे. रंगछटा व आकार यांत व्यक्तिगत फरक पुष्कळ असल्यामुळे नराच्या जननेंद्रियांची रचना तपासावी लागते.

म्हणूनच केवळ छायाचित्रावरून ‘ॲटलास’ असे लिहिणे अपुरे होय. सर्वत्र पसरलेल्या जातीच्या नावाखाली मर्यादित क्षेत्रातील जाती झाकली गेली, तर तिच्या ऱ्हासाचीही नोंद होणार नाही. महाड-पोलादपूर परिसरातील प्रत्येक नोंदीत दिनांक, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची व अळीचे खाद्यवृक्ष द्यावेत आणि मृत आढळलेले नमुने जतन करावेत. तोवर ‘ॲटॅकस वंशातील पतंग’ एवढेच लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.