सरकारास धर्म असावा काय ?

राजसत्तेनें एखादा धर्म आपला म्हणून स्वीकारावा कीं नाहीं, हा प्रश्न तात्त्विक ग्रंथांतून पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु अशा प्रश्नांचा निकाल नुसत्या तर्कानें लागत नाहीं. इतिहासाची साक्ष काढावी लागते. ती साक्ष देण्यास आमच्या मतें आयर्लंडइतका योग्य देश क्वचितच सांपडेल. कारण सरकारी धर्माचा प्रयोग तेथें तीनशेंहून अधिक वर्षें चालला, आणि त्यास कायदा, पैसा व फौज यांपैकीं कशाचीही वाण पडली नाहीं.

आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पोपची सत्ता झुगारून इंग्लंडांतील चर्चचें प्रमुखपद स्वतःकडे घेतलें, आणि लवकरच तीच व्यवस्था आयर्लंडासही लागू झाली. इंग्लंडांतील बहुतेक प्रजा कालांतरानें राजाच्या मागोमाग गेली. आयर्लंडांतील गेली नाहीं. चर्चच्या इमारती व जमिनी नव्या पंथाच्या हातीं आल्या, पण माणसें जुन्याच पंथांत राहिलीं. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथॉलिकांस शाळा चालविण्याची व जमीन विकत घेण्याची बंदी करणारे कायदे झाले. पार्लमेंटांत बसण्याची बंदी तर १८२९ पर्यंत टिकली. एवढ्या खटाटोपाचें फळ काय ? १८६१ च्या खानेसुमारींत आयर्लंडच्या सुमारें ५८ लक्ष लोकांपैकीं ४५ लक्ष कॅथॉलिक निघाले, आणि सरकारी चर्चचे अनुयायी पुरते ७ लक्षही भरले नाहींत !

ह्या अपयशाचें खापर तेथील धर्मोपदेशकांच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. बर्क्लेसारखा तत्त्ववेत्ता त्यांच्यांत होता. आयरिश जनतेच्या दैन्यानें तळमळणारा स्विफ्टही त्यांच्यांतीलच. दोष व्यवस्थेचा होता. शेतकरी कोणत्याही पंथाचा असो, त्याच्या उत्पन्नावरील दशमांशाचा कर सरकारी चर्चला द्यावा लागे. १८३० नंतर लोकांनीं तो देण्याचें नाकारलें, तेव्हां गुरेंढोरें जप्त करण्यास पोलीस व लष्कर पाठवावें लागलें. डिसेंबर १८३४ मध्यें कॉर्क परगण्यांतील रॅथकॉर्मॅक येथें एका विधवेकडील बाकी वसूल करतांना लष्करानें गोळीबार केला, व त्यांत दहांहून अधिक माणसें मेलीं. ज्याच्यासाठीं ही वसुली चालली होती तो आर्चडीकन मॅजिस्ट्रेट म्हणून स्वतः तेथें हजर होता. धर्मगुरूचें हें रूप ज्यांनीं पाहिलें त्यांना त्याच्या मुखांतील प्रेमाचा व क्षमेचा उपदेश कसा पटावा ?

सरकारी धर्माच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तें ग्लॅडस्टननें आपल्या १८३८ च्या ग्रंथांत मोठ्या तळमळीनें मांडलें होतें. व्यक्तीप्रमाणेंच राष्ट्रालाही सदसद्विवेकबुद्धि असते. म्हणून सत्य धर्माचा पुरस्कार करणें हें राज्याचें कर्तव्य होय, असें त्याचें म्हणणें. मेकॉलेनें पुढच्याच वर्षीं त्यास उत्तर दिलें कीं, सरकारचें मुख्य काम लोकांच्या जीविताचें व मालमत्तेचें रक्षण करणें हें आहे. प्रत्येक संस्थेवर धर्मप्रसाराचा भार टाकल्यास कोणतेंच काम धड व्हावयाचें नाहीं. शिवाय राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धि म्हणजे नेमकी कोणाची ? व्हिक्टोरिया राणी इंग्लंडांत बिशपांच्या चर्चची प्रमुख होती, स्कॉटलंडांत बिशप न मानणाऱ्या पंथाच्या रक्षणास ती शपथेनें बांधलेली होती, आणि आम्हां हिंदी लोकांना तिनें १८५८ च्या जाहीरनाम्यांत कोणत्याच धर्माचा पक्षपात न करण्याचें वचन दिलें. राजमुकुट एक, पण त्याचें धार्मिक कर्तव्य प्रांताप्रांतांगणिक निराळें !

ग्लॅडस्टन हळूहळू बदलला. १८४५ सालीं मेनूथ येथील कॅथॉलिक विद्यालयाचें अनुदान वाढविण्याचें ठरलें, तेव्हां तें आपल्या ग्रंथाशीं विसंगत म्हणून त्यानें मंत्रिपद सोडलें, आणि मग साधा सभासद म्हणून त्याच ठरावाच्या बाजूनें मत दिलें ! अखेर मुख्य प्रधान झाल्यावर १८६९ च्या कायद्यानें त्यानेंच आयर्लंडांतील सरकारी धर्माचा शेवट केला. सरकारचा टेकू निघतांच हें चर्च कोसळेल अशी अनेकांना भीति होती. तें कोसळलें नाहीं. डब्लिनमधील दोन्ही जुनीं कॅथीड्रलें आजही त्याच्याकडे आहेत. आणि १९३८ सालीं आयर्लंडचा पहिला अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडला गेलेला डग्लस हाइड हा ह्याच चर्चच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता.

यावर कोणी म्हणेल कीं, मूठभरांचा धर्म बहुसंख्यांवर लादला ही चूक. बहुसंख्यांचाच धर्म सरकारनें मानल्यास काय बिघडतें? स्वतंत्र आयर्लंडास हाही मोह झाला. १९३७ च्या राज्यघटनेंत कॅथॉलिक चर्चला विशेष स्थान देण्यांत आलें. परंतु १९७२ सालीं, शेंकडा नव्वदांहून अधिक प्रजा कॅथॉलिक असतां, लोकांनींच प्रचंड बहुमतानें तें कलम काढून टाकलें. आणि तें गेल्याचें आपणांस दुःख होणार नाहीं असें कार्डिनल कॉनवे यांनीं १९६९ मध्येंच सांगितलें होतें.

इंग्लंडांत आजही सरकारी चर्च आहे, २६ बिशप लॉर्डांच्या सभेंत बसतात, आणि तरी तेथें इतर पंथीय सुखानें नांदतात, हें खरें. पण तें सुख, त्या चर्चचे विशेषाधिकार एकामागून एक काढून घेतल्यानंतरचें आहे, हें विसरूं नये. सरकारपाशीं देण्यासारख्या वस्तु दोनच: करांतून आलेला पैसा आणि शिपायाचा धाक. त्यांनीं इमारती ताब्यांत येतात, अंतःकरणें येत नाहींत. म्हणून आपला धर्म सरकारनें घ्यावा अशी ज्यांस मनापासून इच्छा होते, त्यांनीं आयर्लंडचा हा इतिहास एकवार अवश्य वाचावा. सरकारी धर्मानें इतरांचें काय नुकसान होतें हा प्रश्न तर आहेच. पण त्यानें खुद्द आपल्या धर्माचें काय होतें, हा प्रश्न श्रद्धावंतांनीं अधिक काळजीनें विचारण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.