दाखला, हवाला, उतारा

कोल्हापुरात कुणी ‘दाखला काढायला चाललोय’ म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला : कसला? शाळा सोडल्याचा, उत्पन्नाचा, जातीचा की जन्माचा? शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकाला मात्र आणखी एका दाखल्याची चिंता असते. आपल्या निबंधाचा दाखला दुसऱ्यांनी किती वेळा दिला, यावर त्याची बढती आणि अनुदान अडलेलं असतं.

शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेनं आलेला. ‘दाखिल’ म्हणजे आत शिरलेला. दप्तरात जे दाखल झालं तो दाखला. नोंदीवरून पुरावा आणि पुराव्यावरून उदाहरण, असा अर्थ सरकत गेला असावा. ‘दाखला द्या’ म्हटलं की आपण अजूनही कागदच शोधतो, ते उगाच नव्हे.

आता एक खराखुरा कागद. १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध आला. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाशी काय संबंध, हा त्याचा विषय. यातले खानोलकर म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं, तेव्हापासून तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. १९४४ मध्येच त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनं हजार रुग्णांचा आढावा छापला होता. १९५५ च्या निबंधात रुग्णांना आणि कर्करोग नसलेल्यांना तंबाखूच्या सवयी विचारून ताळा घातला. डॉल आणि हिल यांनी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी १९५० मध्ये हीच रीत वापरली होती. पण तिथे प्रश्न सिगारेटचा होता, इथे विडीचा आणि चुना लावून मळलेल्या चिमटीचा.

हे आपल्या बाजूला समजावून सांगावं लागत नाही. निपाणीचा विडीचा तंबाखू हाकेच्या अंतरावर. तव्यावर काळा होईतो भाजून कुटलेली मिसरी बोटानं हिरड्यांवर फिरवत बसलेल्या म्हाताऱ्या कागल-गडहिंग्लजकडे कुणी पाहिल्या नाहीत? ‘तंबाखू’ पोर्तुगिजांबरोबर आलेला, ‘विडी’ मात्र जुन्या घरची : संस्कृत वीटिका, तिचाच थोरला भाऊ विडा. पानाचं नाव धुराला चिकटलं. रोगाचं नाव उलट उसनं. ‘कर्करोग’ हा ग्रीक ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, याचा अलीकडचा अनुवाद. आयुर्वेदात गाठीला ‘अर्बुद’ म्हणत. गंमत अशी, की भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद म्हणजे दहा कोटी!

मोजणीवरून आठवलं. त्याच १९५५ साली अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली : कोणत्या निबंधानं कुणाचा आधार घेतला, याची सूची करावी. नमुना त्यांनी वकिलांकडून उचलला. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांची एक सूची चालत आली होती. जुना निकाल पुढच्या न्यायालयानं उचलून धरला की फिरवला, हे तीत खुणेनं दाखवलेलं असे. इंग्रजी ‘साइट’चं मूळही कोर्टाच्या दारातलंच, लॅटिन ‘सितारे’ म्हणजे हलवणं, बोलावणं, साक्षीला पुकारा करणं. पण १९६४ पासून विज्ञानाची सूची निघू लागली ती त्या खुणांवाचून. साक्षीदार बाजूनं बोलला की विरुद्ध, हे गळालं. पुकारा किती वेळा झाला तेवढं उरलं. पुढे २००५ मध्ये हिर्श यांनी त्याचा एकच आकडा केला. एखाद्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखले गेले असतील, तर त्याचा एच-निर्देशांक वीस.

मला हा आकडा फारसा भावत नाही. याचं एक कारण, मराठीत या एका क्रियेला निदान तीन शब्द आहेत आणि तिघांची जात वेगळी. ‘हवाला’ही अरबीच, दुसऱ्याकडे सोपवणं. किल्ल्याचा हवालदार, हवाली करणं, सगळी एकाच मुळाची मंडळी. ‘सूत्रांच्या हवाल्याने’ बातमी देणारा जबाबदारी सूत्रांच्या गळ्यात टाकतो. मूळ निबंध न वाचता यादीत नाव चिकटवणारा संशोधक हेच करतो. दाखल्याचं तसं नाही. १९८५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तंबाखूसह विडा चघळण्यानं कर्करोग होतो असा निर्वाळा दिला, तेव्हा भारतातले रुग्णांचे अभ्यास पुढ्यात ठेवूनच. त्याला दाखला म्हणावं.

तिसरा ‘उतारा’. पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर तो उतारा, तलाठ्याकडचा सातबाराही उतारा. आणि विषावर जो देतात, तोही उताराच. आधीच्या चुकीच्या निष्कर्षाला खोडून काढणाऱ्या निबंधाला याहून नेमकं नाव मला सापडलेलं नाही. मात्र ज्याला असा उतारा मिळाला, त्या चुकलेल्या निबंधाचा आकडाही त्यानं एकानं वाढतोच.