उताऱ्यावरचं नाव आणि बाईचा वाटा

सातपूर म्हटलं की आज कारखाने आणि कामगारांच्या पाळ्या आठवतात. पण 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्याआधी हे शेतीचं गाव होतं. सरकार जमीन घेतं तेव्हा नोटीस आणि मोबदला कागदावरच्या नावाने येतो. निंदणी-खुरपणी बाईची आणि सातबाऱ्यावर नाव बाप्याचं, ही तर घरोघरची रीत.

ही रीत मोडायला कायद्याला फार वेळ लागला. 1937 साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण हयातीपुरता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने ती पूर्ण मालकीण झाली. तरी वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलालाच राहिला. 1986 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन भरलं. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली: नवऱ्याने स्वखुशीने जमीन बायकोच्या नावे करावी. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती केली.

1994 साली महाराष्ट्राने मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. 2005 च्या केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी मोडत नाही.

म्हणजे द्यायला कायद्याला 68 वर्षं लागली. घालवायला एक सही पुरते. म्हणून तीन चुका टाळा.

पहिली, न वाचता सही. वडिलांचं तेरावं झालं की "ताई, वारसनोंदीला सही लागते" असं सांगतात. वारसनोंद तलाठ्याकडे होते, तिच्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. तुम्हाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं, तर कागदाचा मथळा वाचून घ्या. 'हक्कसोडपत्र' असेल तर घरी येऊन विचार करा. द्यायचंच असेल तर समजून द्या.

दुसरी, नॉमिनीला मालक समजणं. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्यांच्या गुंतवणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: शेअर, म्युच्युअल फंडाचा नॉमिनी मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

तिसरी, "माझ्याकडे काय आहे मृत्युपत्र करायला?" असं म्हणणं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या कष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईबाप त्यानंतर. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. तुमची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना मिळकत द्यायची, त्यांना साक्षीदार घेऊ नका.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते मोठ्याने वाचावं.