रकाने चोवीस, लिहिणारा एक

बरगीहून बोलतोय.

आजचा विषय माझ्या एका तरुण मित्रामुळे निघाला. तो दर रविवारी ईमेलने आपल्या वर्गणीदारांना एक लेख पाठवतो. त्याची तक्रार अशी की वाचणारे पुष्कळ, पैसे भरणारे थोडे आणि उलट चार ओळी लिहिणारे त्याहून थोडे. हे दुखणे इंटरनेटबरोबर आले असे त्याला वाटते. मी म्हटले, बाबा रे, दीडशे वर्षे मागे चल.

1874 च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मासिक म्हणायचे, पण लिहिणारा जवळजवळ एकटाच. सात वर्षांत 84 अंक निघाले, आणि त्यातली बरीच वर्षे सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून! त्यांची भाषा तलवारीसारखी होती. माझे मत विचाराल तर ही तलवार जोतीराव फुल्यांवर चालली तिथे चुकली. पण शास्त्रीबुवांनी वाचक घडवला हे नाकारता येत नाही. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि 1881 मध्ये ‘केसरी’ उभा राहिला, तेव्हा ‘माले’वर वाढलेला तरुण वर्ग तयार होता.

आता आमच्या भागाकडे या. माधवराव सप्रे हे नाव हिंदीवाले आदराने घेतात, मराठी माणसाला मात्र सांगावे लागते. जन्म 1871, दमोह जिल्ह्यातल्या पथरियात, घर मराठी. शिक्षण बिलासपूर, रायपूर आणि आमच्या जबलपुरात. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे, म्हणजे तिघेही मराठी! संपादक पेंड्र्यात आणि छपाई आधी रायपूरला, मग नागपूरला. आजच्या भाषेत सांगायचे तर सप्लाय लाइन फार लांब. मासिक तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी बंद पडले. मजकूर कमी पडला नव्हता. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाणारी त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ याच मासिकात 1901 साली आली.

पुढे 17 जानेवारी 1920 रोजी जबलपुरातून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यामागे सप्रे होते, संपादक माखनलाल चतुर्वेदी. आणि बरोबर दोन आठवड्यांनी, 31 जानेवारीला, मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ‘केसरी’ने मात्र त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नोंदवले आहे.

इथे मी जरा थांबणार, कारण हा भाग पलटणीचा आहे. ज्या समाजाला शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्याच्या पत्राला वाचक आले कुठून? एक मोठे उत्तर फौजेत सापडते. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीतच झाला. त्याच सुमारास महारांची भरती बंद झाली, पण पेन्शन घेऊन गावी परतलेल्या जवानांना अक्षर येत होते. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. अशा गावात, अशा चाळीत एक जण वाचणार आणि वीस जण ऐकणार. मग वर्गणीदारांच्या वहीतल्या एका नावामागे माणसे किती धरायची? माझ्या मित्राने हा हिशेब जरूर करावा.

‘मूकनायक’ फार टिकले नाही. बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 1923 पर्यंत पत्र बंद पडले. मग 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि दोनच आठवड्यांत, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक आला. आता वृत्तपत्र चळवळीच्या पाठीशी नव्हे, पुढच्या फळीत होते. महाडला काय घडले, विरोधक काय म्हणतात, त्याला उत्तर काय, हे वाचकाला त्याच्याच माणसाकडून कळू लागले.

पण किंमत बघा. 3 फेब्रुवारी 1928 च्या अंकात बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या मथळ्याचा लेख लिहिला. चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरावे लागतात, त्याबद्दल एक पैसा घेतलेला नाही, आणि तरी पत्र चालवायला पैसा पुरत नाही, अशी ती कैफियत. मला त्यातली एक गोष्ट फार भावते. ते याचना करत नाहीत. पत्र तुमचे आहे, तेव्हा त्याचे देणेही तुमचे, अशा हक्काने ते वाचकाशी बोलतात. मथळ्यात ‘ऋण’ हा शब्द उगाच आलेला नाही.

एवढे करूनही नोव्हेंबर 1929 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ थांबले. वर्षभराने, 24 नोव्हेंबर 1930 ला, ‘जनता’ निघाले. ते पंचवीस वर्षे चालले आणि 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

सप्र्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय भोपाळला आहे, 1984 पासून. जुनी पत्रे आणि मासिके तिथे जपलेली आहेत. आमच्या बाजूला आलात तर एक दिवस त्यासाठी राखून ठेवा.