धुराचा रंग आणि मीटरचा आकडा : दिल्लीच्या द्वारकेपर्यंतचा प्रवास

मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर काळा, निळा किंवा पांढरा असतो आणि प्रत्येक रंगामागे बिघाडाचे वेगळे कारण असते. हे कारण शोधण्याचे साधन आधी मिस्त्रीचा डोळा होता, नंतर त्याच्या जोडीला मीटर आला आणि शेवटी गाडीतलाच संगणक. दिल्लीच्या नैर्ऋत्येला, पप्पनकलां या नावाने आखणी झालेले द्वारका उपनगर दिल्ली विकास प्राधिकरणाने उभारले, त्याच काळात यांतले शेवटचे दोन टप्पे पार पडले.

धूर मोजायला सुरुवात झाली ती कारखान्यांच्या धुराड्यांपासून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमी-अधिक दाट जाळ्या आखून एक तक्ता केला. तक्ता लांब ठेवला की रेघा मिसळून करडी छटा दिसे आणि ती धुराशी ताडून पाहता येई. मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, पण त्याचा रोख भट्ट्या आणि धुराड्यांवर होता.

मोटारीच्या धुराची पारख मिस्त्र्यांच्या हाताखाली तयार झाली. अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी या कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या. त्यांतून काळा धूर आला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, हे उघड होई. मग अडकलेला चोक, चोंदलेला एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा फ्लोट तपासला जाई. डिझेल गाडीत संशय गळक्या नोझलवर किंवा पंपाच्या सेटिंगवर जाई.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. इथे रंगाइतकीच वेळ महत्त्वाची असते. सकाळी गाडी चालू करताना एकच भपका येऊन थांबला, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा. रात्रभरात हेडमधले ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरलेले असते आणि पहिल्या स्टार्टला ते जळते. अॅक्सिलरेटर दाबताना, चढावर किंवा ओझे असताना धूर वाढत असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजलेला असतो. अशा चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण सैल केले की आतून वाफारा जोराने बाहेर येतो. पहिल्या दोषात सील बदलून भागते, दुसऱ्यात इंजिन खोलावे लागते. म्हणूनच नेमकी पारख ग्राहकाच्या खिशाशी थेट जोडलेली असते.

पांढऱ्या धुराबाबत दिल्लीच्या हिवाळ्यात हमखास गफलत होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी द्वारकेतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सायलेन्सरमागे जो पांढरा लोट दिसतो, तो बहुतेक वेळा हीच वाफ असते आणि गाडी तापली की विरते. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर टिकून राहिला, रेडिएटरचे पाणी कमी होत गेले आणि ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस आला, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे. डिझेल इंजिनात न जळलेले डिझेलही पांढरे दिसते. त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो.

कायदा या क्षेत्रात उतरला तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी. नियम ११५ प्रमाणे उभ्या, चालू पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे ठरले, दुचाकी-तीनचाकीसाठी ही मर्यादा ४.५ टक्के होती. डिझेल धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक ठरली. हे एकक मोजणाऱ्या मीटरमध्ये धूर एका नळीत घेऊन त्यातून प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश अडला ते मोजतात. तपासणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि हे अनेकदा करून सरासरी काढतात. अशी यंत्रे प्रमाणित करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’चा (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) समावेश आहे. ही संस्था १९६६ सालची.

दिल्लीत याहून मोठा बदल घडवला न्यायालयाने. वकील एम. सी. मेहता यांच्या वायुप्रदूषणाविरुद्धच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी शहरातील बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. टू-स्ट्रोक रिक्षा आणि स्कूटर पेट्रोलबरोबरच ऑइल जाळतात, त्यामुळे निळा धूर हा त्यांचा बिघाड नसून स्वभाव होता. सुटे ऑइल बेहिशेबी ओतल्याने तो वाढे, म्हणून पंपांवर अशा ऑइलची विक्री बंद करण्याचेही ठरले. २००२ च्या अखेरीस दिल्लीच्या डिझेल बस सीएनजीवर आल्या आणि रस्त्यावरचा काळा-निळा धूर झपाट्याने ओसरला.

त्याआधी, १९९५ पासून, चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले होते. त्यामुळे निळा धूर दुहेरी महाग झाला. जळलेल्या ऑइलमधील फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसतो आणि तो निकामी करतो. २०१० च्या दशकात दोष स्वतःच नोंदवणारी ‘ओबीडी’ यंत्रणा गाड्यांत रूढ झाली. दिल्लीला बीएस-६ (भारत स्टेज-६) इंधन एप्रिल २०१८ पासून आणि देशाला नव्या बीएस-६ गाड्या एप्रिल २०२० पासून मिळाल्या. बीएस-६ डिझेल गाड्यांतील फिल्टर काजळी आतच अडवतो. गाडी फक्त शाळा, बाजार आणि मेट्रो स्टेशनपर्यंतच फिरत असेल, तर फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. बाहेर धूर मात्र दिसत नाही.

धूर दिसेनासा झाला म्हणजे विष संपले, असे नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मीटरचीही मर्यादा आहे. तो प्रमाण सांगतो, कारण सांगत नाही. व्हॉल्व्ह सील गेलेल्या गाडीचा सकाळचा भपका प्रदूषण तपासणीच्या (पीयूसी) केंद्रावर पोहोचेपर्यंत विरलेला असतो आणि तापलेली गाडी तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे प्रमाणपत्राची घाई समजण्यासारखी आहे. तरीही धूर दिसला की तो कोणत्या रंगाचा आहे आणि केव्हा येतो हे आधी मालकाने टिपावे, गाडी मिस्त्रीला दाखवावी आणि दुरुस्तीनंतरच पीयूसी काढावी.