दया आणि पुण्य यांची आंबेडकरकृत चिकित्सा

दया, दान, पुण्य, शील या रूढ सद्गुणांना डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी लावलेली तात्त्विक कसोटी. ही चिकित्सा त्यांनी कुठल्याही एका ग्रंथात सलग मांडलेली नाही. १९२७ च्या महाडच्या भाषणांपासून ते मरणोत्तर १९५७ साली निघालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’पर्यंत ती विखुरलेली आहे. त्यामुळे आंबेडकरांची ओळख घटनाकार, अर्थशास्त्रज्ञ किंवा पुढारी म्हणून करून देणाऱ्या लेखनात ती सहसा सुटते.

मराठीत रूढ नीतीवर हल्ला चढवणारे ते पहिले नव्हेत. महात्मा फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १८८८ मध्ये समाजसुधारक आगरकरांनी ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढून आचारधर्माला बुद्धीच्या पायरीवर उभे केले होते. आगरकर विचारीत, हा आचार विवेकाला पटतो का? आंबेडकरांचा प्रश्न त्याहून अडचणीचा होता. एखादा आचार चांगला दिसत असला, तरी त्याने कोणाचे स्थान पक्के होते?

महाराष्ट्रात आणि मध्य प्रांतात पूर्वी गावोगाव चालणारी एक रीत घेतली की मुद्दा कळतो. विहिरीवर अस्पृश्य माणूस ताटकळत उभा राही. काठावरच्या कोणाला कणव आली, तर घागर उंच धरून त्याच्या ओंजळीत पाणी सोडले जाई. घागरीचा स्पर्श होऊ नये एवढे अंतर राखले जाई. पिणाऱ्याची तहान भागे, घालणाऱ्याच्या पदरी पुण्य पडे आणि विहीर होती तशीच बंद राही. या व्यवहारात कोणी दुष्ट नाही, खरी अडचण तीच आहे. अस्पृश्यांना बंद असलेल्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांसह अस्पृश्यांनी स्वतः पाणी उचलले ते तहानेसाठी नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी तसे स्पष्ट सांगितले : ते पाणी न पिताही आपण जगलोच आहोत, प्रश्न इतरांसारखी माणसे म्हणून मोजले जाण्याचा आहे. २५ डिसेंबरला त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली.

या विचाराचे सर्वांत नेमके टाचण म्हणजे १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून अ. वि. ठक्कर यांना लिहिलेले पत्र. पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी नवी संस्था निघाली होती आणि ठक्कर तिचे सचिव होते; ती पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिने कोणत्या दिशेने जावे, हे सांगण्यासाठी हे पत्र होते. माणूस हलाखीत असतो तो स्वतःच्या दुर्गुणांमुळे असे मानले, तर त्याला दारू सोडायला सांगायचे, आखाडा आणि वाचनालय काढून द्यायचे. तो भोवतालच्या परिस्थितीमुळे हलाखीत असतो असे मानले, तर परिस्थितीशीच झुंजावे लागते. विहिरी, शाळा, चावडी, नोकरी या ठिकाणी हक्क मिळवावे लागतात आणि त्यापायी गावात तंटा झाला तर तो सोसावा लागतो. आंबेडकरांनी दुसरा मार्ग सुचवला. काही थोड्या व्यक्तींना सद्गुणी करण्याने वर्गाची स्थिती बदलत नाही, हे त्यांचे म्हणणे. मात्र याच पत्रात त्यांनी टॉलस्टॉयचा दाखला देऊन, सेवा प्रेमाशिवाय होत नाही असेही लिहिले. प्रेमाला त्यांचा विरोध नव्हता.

संघाने पहिला मार्ग धरला. कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, यावर संघामागची प्रेरणा असलेल्या गांधीजींची भूमिका अशी की हे काम सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, म्हणून ते सवर्णांनीच करावे. धार्मिक दृष्टीने ही भूमिका सुसंगत आहे, आणि म्हणूनच ती आंबेडकरांना मान्य होणे शक्य नव्हते. प्रायश्चित्त हे करणाऱ्याच्या आत्म्यासाठी असते, समोरचा त्यात निमित्तमात्र ठरतो. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या पुस्तकात संघावरच्या प्रकरणाच्या शीर्षकातच दयेने मारण्याचा बेत असा आरोप आहे. तो बोचरा आहे. संघाच्या काही कार्यकर्त्यांच्या कळकळीला तो न्याय देत नाही, असे म्हणता येईल.

‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये हाच मुद्दा उलट बाजूने येतो. हिंदू समाजात दया नाही असे नाही, पण ती जातीपाशी सुरू होऊन जातीपाशी संपते. गुणाची कदरही जात पाहून होते. धर्म तत्त्वांचा असावा, नियमांचा नसावा, कारण नियम पाळणाऱ्याला स्वतः निवड करावी लागत नाही आणि निवड नाही तिथे जबाबदारीही नाही, ही त्यांची मांडणी याच ग्रंथातली.

इथे जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) याची आठवण अपरिहार्य आहे. ख्रिस्ती दयेवर आणि सद्गुणांवर त्याच्याइतका कडवा प्रहार क्वचितच कोणी केला असेल. १८८८ मध्ये, म्हणजे ‘सुधारक’ निघाला त्याच वर्षी, लिहिलेल्या ‘अँटिख्राइस्ट’मध्ये तो मनुस्मृतीला बायबलपेक्षा श्रेष्ठ ठरवतो. त्याने वाचलेली मनुस्मृती होती लुई जाकोलियो या फ्रेंच लेखकाच्या भाषांतरातली, आणि ते अतिशय बेभरवशाचे होते. चांडाळांविषयीचा त्यातला बराच मजकूर मूळ संहितेत सापडत नाही. आंबेडकरांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ या लेखनात नीत्शेचा मनूशी सांधा जोडला आणि त्याचे ‘जरथुष्ट्र’ हे पुस्तक म्हणजे मनूचीच नवी आवृत्ती असे ठरवले. पण लगेच फरकही केला : नीत्शेचा महामानव योग्यतेने ठरतो, मनूचा जन्माने. नीत्शेला त्यांनी निःस्वार्थी विचारवंत मानले, मनूला नाही. हे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर-ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात, वसंत मून यांच्या संपादनाखाली, ते १९८७ मध्ये वाचकांसमोर आले.

दोघांनाही दया खटकते, पण कारणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दुर्बळ टिकून राहतो म्हणून नीत्शेला ती नको. वरचा वरच राहतो, ही आंबेडकरांची तक्रार.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आहे आणि सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. हा विरोधाभास वाटतो तेवढा नाही. पिंडदानाचे पुण्य परलोकीच्या हिशेबासाठी, प्राणिमात्रांवरची दया याच जगातली.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये ही बाजू अधिक उलगडते. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवांसाठी, म्हणून मैत्री वरची. इतर धर्मांत नीती हा जोडलेला डबा असतो, हवा तेव्हा जोडावा, नको तेव्हा सोडावा. धम्मात देवाची जागाच नीती घेते. पण नुसती नीती पुरत नाही, कारण चोरांतही आपसांतली नीती असते आणि जातीतही. तिने सर्वांना सारखे बांधले पाहिजे. जीवनसंघर्षात जो टिकतो तो बलिष्ठ असेल, पण तोच समाजाला सर्वांत उपयोगी असतो का? दुर्बळाला राखले तर उद्या तोच अधिक मोलाचा ठरणार नाही का? आंबेडकरांनी हा प्रश्न नीत्शेचे नाव न घेता विचारला आहे.