कोठल्यापासून भिस्तबागेपर्यंत : एका राजमार्गाची ओळख



सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांतून वेरूळ, खुलताबाद आणि फार झाले तर आग्रा-दिल्ली ही नावे ऐकू येतात. त्यात गैर काही नाही. परंतु सावेडीत राहणारा विद्यार्थी आग्ऱ्याचा ताजमहाल कोणी बांधला हे चटकन सांगतो आणि आपल्या भिस्तबाग चौकाला हे नाव का पडले असे विचारले की गप्प होतो, हा माझा वर्गातला नेहमीचा अनुभव आहे. काही मुले तर पाणी वाहणाऱ्या भिस्तीशी त्याचा संबंध जोडतात. म्हणून या लेखात मी आपल्याला फार लांब नेणार नाही. एखाद्या रविवारी सकाळी सायकल काढावी, मुलाला बरोबर घ्यावे, आणि मी सांगतो त्या वाटेने निघावे.

मोठ्या शहरांना त्यांचा एक राजमार्ग असतो. दिल्लीला चांदणी चौक आहे. इराणातील इस्फहान शहरात शाह अब्बासने सोळाव्या शतकाच्या अखेरीस चहार बाग नावाचा रुंद, झाडांनी सजलेला रस्ता आखला. आपल्या शहरालाही तसा मार्ग आहे. फक्त त्याला एक नाव नाही, आणि तो कोणी नकाशावर एका रेषेत ओढलेला नाही. किल्ला, कोठला, जुने गाव, दिल्ली दरवाजा, सावेडी आणि शेवटी भिस्तबाग असे त्याचे तुकडे आहेत. मोहरमच्या दिवसांत कोठल्यातून उठणाऱ्या सवाऱ्या गावातून फिरून दिल्ली दरवाज्याबाहेर पडतात आणि सावेडीच्या बारवेत त्यांचे विसर्जन होते. म्हणजे या वाटेचा मोठा भाग आपले लोक वर्षातून एकदा तरी पायी चालतात. मी तोच मार्ग दोन्ही टोकांना थोडा लांबवला आहे, इतकेच.

प्रारंभ किल्ल्यापासून करावा. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहामनी सरदार जहांगीरखानाचा भिंगारजवळ पराभव केला आणि त्याच परिसरात पुढे आपली राजधानी वसवली. या मलिक अहमदचा पिता मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला होता, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. विजयाच्या जागी प्रथम बाग झाली, बाग निजाम. तिच्याच ठिकाणी किल्ला उभा राहिला. आज दिसणारी दगडी तटबंदी आणि खंदक हे हुसेन निजामशाहचे, सुमारे १५५९ ते १५६२ या काळातले काम. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा आत जाण्याविषयी आधी चौकशी करून निघावे.

चांदबिबी ही या हुसेन निजामशाहची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशाहची विधवा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा सुरुंगाने तट फुटला. ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रात्रीतून ती भिंत पुन्हा उभी केली. वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला राहिला. चार वर्षांनी दुसरा वेढा पडला. त्या धामधुमीत ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि १६०० साली किल्ला मुघलांकडे गेला. शहराच्या पूर्वेस डोंगरावर दिसणाऱ्या उंच वास्तूला सारे चांदबिबीचा महाल म्हणतात. ती कबर मात्र मुर्तझा निजामशाहचा वजीर सलाबतखान याची आहे. लोकांनी वजिराची इमारत राणीला देऊन टाकली, यात इतिहासाची चूक असेल, पण प्रेम दिसते.

याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून १९४५ पर्यंत काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथे लिहिला हे पाठ्यपुस्तकात असते. मौलाना आझादांची ‘गुबारे खातिर’ मधली पत्रेही याच भिंतींआड लिहिली गेली, हे आपल्या घरांतून जितके सांगितले जायला हवे तितके सांगितले जात नाही. पत्रे हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती, पण कैदेतून पाठवता येत नव्हती. १९४६ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांत पहाटेचा चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, त्याही वेळी मौलाना इथेच होते. पुढे हेच स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ज्यांच्या घरात उर्दू वाचता येणारे आजोबा किंवा नानी असतील त्यांनी त्यांच्याकडून चिमण्यांचे ते प्रकरण वाचून घ्यावे.

किल्ल्याच्या बाजूलाच दमडी मशीद आहे, १५६७ सालची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला ठेवून ती उभारली, अशी कथा आहे. दगडावरचे कोरीव काम पाहिल्यावर दमडीची किंमत कळते. शाळेच्या खोलीसाठी दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडत फिरलेल्या कार्यकर्त्यांना ही मशीद मी आवर्जून दाखवतो.

आता कोठला. आज कोठला म्हटले की रिक्षा, गर्दी आणि बसथांबा डोळ्यांपुढे येतो. पण या सबंध वाटेवर मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा. दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशाह याने सुमारे १५३६-३७ मध्ये शाह ताहिर या विद्वानाच्या सल्ल्याने ती बांधली. बारा इमामांच्या नावाने हे लंगर होते, म्हणजे गरिबांना अन्न मिळे. आणि येथेच विद्येची सोय होती. खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले होते. अन्न आणि अध्ययन एकाच आवारात! वसतिगृहाची कल्पना आपण नवी समजतो.

शाह ताहिर इराणातून आलेला. तो या दरबारी कसा आला याची हकिगत फरिश्त्याने दिली आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. बुऱ्हाणचा गुरू पीर मुहंमद काही कामानिमित्त परांड्याच्या किल्ल्यावर गेला. तेथे शाह ताहिरची भेट झाली. सुलतानाचा हा गुरू काम विसरून तिथे शिष्य होऊन राहिला आणि मजिस्ती, म्हणजे टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ, शिकू लागला. परत येऊन त्याने सांगितले की मला जे येत नव्हते ते ज्याच्यापाशी आहे असा माणूस मी पाहिला. मग सुलतानाने शाह ताहिरला बोलावून घेतले. पुढे बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला, त्यावरून दरबारात आणि गावात वादळही उठले. तो भाग येथे लांबवत नाही. मला भावतो तो स्वतःच्या अज्ञानाची लाज न वाटणारा मास्तर.

आणि फरिश्ता तरी कोण? तोही एका मास्तरचाच मुलगा. त्याचे वडील राजपुत्र मीरान हुसेन याला फारसी शिकवण्यासाठी नेमले गेले होते. मुलगा राजपुत्राबरोबर शिकला आणि याच शहरात वाढला. १५८८ साली मीरान हुसेनने आपल्या बापाविरुद्ध, मुर्तझाविरुद्ध, बंड केले तेव्हा फरिश्ता पहारेकऱ्यांत होता. बाकीचे मारले गेले; राजपुत्राने आपल्या शाळासोबत्याला ओळखले म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी तो विजापूरला गेला आणि तेथे त्याने हिंदुस्थानचा तो मोठा इतिहास लिहिला. आज दख्खनविषयी आपण जे बोलतो त्यातले कितीतरी त्याच्या लेखणीतून आलेले आहे.

कोठल्याहून दिल्ली दरवाज्याकडे जाताना सर्जेपुरा, मंगलगेट ही नावे वाचत जावे. वेशी आता मोजक्याच उरल्या. नावे मात्र हटत नाहीत. सुमारे १५६२ मध्ये हुसेन निजामशाहने गावाभोवती कोट घातला. तो कोट गेला, पण दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस अजून उभ्या आहेत. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिड्या लावून गावाचा कोट घेतला आणि चार दिवसांत, १२ तारखेला, किल्लाही घेतला. तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन. दरवाज्याखाली थांबून वर पाहावे, पण वाहने सांभाळून. कमानीखालून मोटारसायकलींची रांग थांबत नाही.

शहराचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. चौंडीच्या अहिल्यादेवी याच जिल्ह्याच्या, त्यांचा अभिमान सर्वांनाच आहे. मुले मात्र विचारतात, सर, मग जुने नाव कोठे गेले? मी त्यांना सांगतो, रस्त्यावरच्या पाट्या वाचा, चौकांची नावे वाचा. पाठ्यपुस्तकात निजामशाहीला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो; उरलेले आपल्याच पायाखाली आहे.

दिल्ली दरवाज्याबाहेर वेळ असेल तर सीना नदीच्या बाजूला बाग रौजा पाहावा. मलिक अहमदची काळ्या दगडातली कबर तेथे आहे. आवारातील एक चौथरा हत्तीचा म्हणून दाखवतात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा गुलामअली हत्ती तो हाच, असे सांगतात. मुलांना सुलतानापेक्षा हत्तीच अधिक लक्षात राहतो.

तेथून लाल टाकी, बालिकाश्रम रस्ता आणि सावेडी. सावेडीत आज बंगले, शिकवणीचे वर्ग आणि दवाखाने आहेत. जुन्या गावाची खूण म्हणजे ती बारव. सवाऱ्या येथे येतात तेव्हा दर्शनाला उभ्या राहणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा हे विचारण्याची पद्धत नाही. नवस हिंदू घरांतूनही असतात.

शेवटचा टप्पा भिस्तबाग. मूळ शब्द बिहिश्त, म्हणजे स्वर्ग. बागेचे नाव हश्त बिहिश्त, आठ स्वर्ग. ही बाग १५०६ च्या सुमारास, पहिल्या सुलतानाच्याच काळात, आखली गेली. मोठ्या हौदाच्या मधोमध दोन मजली अष्टकोनी महाल, चहूकडे पाणी, त्यापलीकडे झाडे. पाणी शेंडी आणि वडगावच्या बाजूने जमिनीखालच्या नळांतून आणले होते. अशा खापरी नळांनीच कपूरवाडी आणि इतर ठिकाणांहून सगळ्या शहराला पाणी येत असे. ना पंप, ना वीज, केवळ उताराचा अचूक हिशेब. तो हिशेब ज्यांना येत होता त्यांना भूमिती येत होती, हे दहावीच्या मुलांनी ध्यानात घ्यावे. आज मुळा धरणाचे पाणी वसंत टेकडीवरच्या टाक्यांत चढवावे लागते.

या बागेत मुर्तझा निजामशाह राज्यकारभार वजिरांवर टाकून दीर्घकाळ एकांतात राहिला. लोक त्याला दिवाणा म्हणत. राज्य खिळखिळे होण्याची सुरुवात इथूनच झाली, असे मला वाटते.

पण इमारतीकडे पाहा. आठ बाजूंची ही रचना पुढे दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या आराखड्यात वेगळ्या रूपाने दिसते, आणि तो मकबरा १५७० च्या सुमारास पुरा झाला. इस्फहानला त्या चहार बाग रस्त्यालगत हश्त बिहिश्त याच नावाचा महाल आहे, आणि तो १६६९ चा. म्हणजे जगभरातून लोक जो पाहायला जातात त्याहून आपला महाल दीडशे वर्षांनी थोरला. तिकडे जतन आहे, बगीचा आहे. आपल्याकडे हौद कोरडा आहे, भिंतींवर नावे कोरलेली आहेत, आणि वस्ती दरवर्षी आणखी जवळ येते आहे.

जाताना वही, पेन्सिल आणि दोरीचा एक गुंडा बरोबर असू द्यावा. मुलांना अष्टकोनाची एक बाजू मोजायला सांगावी आणि बाकीचे गणित घरी करायला द्यावे. हिवाळ्यात सकाळी आठच्या आत पोचलात तर ऊन तिरपे असते आणि कमानींच्या सावल्या नीट काढता येतात. परतताना पाइपलाइन रस्त्याने या. नाश्त्याची सोय तिकडे आहे.